मुळ्याची आवणी

मुळा जमिनीखाली वाढतो. तो वाढतोय की नाही हे उपटेपर्यंत कुणाला कळत नाही, आणि बोरखांडच्या यमाजीला मुळ्याचा हा गुण फार आवडायचा. पण त्या वर्षी माघात त्याच्या वाडीतला मुळा सगळ्या गावाला कळला. कमरेएवढे दांडे वर आले, दांड्यांना पांढरी-जांभळी फुलं लागली, फुलांवर फुलपाखरं आली आणि फुलपाखरांच्या मागोमाग शेजारचा कान्हा आला.

"यमाजी, सत्यनारायनाला फुलं नेऊ का रे चार?" त्याने कुंपणावरून विचारलं.

एवढ्यावरच राहिलं असतं तर यमाजीने ते मनाला लावून घेतलं नसतं. त्याचं वय झालं होतं, आणि ते कान्हाशी कुंपणावरून भांडण्यातच झालं होतं. लाज वाटावी असं जे त्याने केलं ते पुढच्या आठवड्यात, खुर्चीवर बसलेल्या साहेबांसमोर केलं. ते नीट कळायला मात्र दिवाळीपासून सांगायला हवं.

दुसरी पंचवार्षिक योजना आसनगावपर्यंत रेल्वेने आली आणि तिथून पुढे बोरखांडपर्यंत ग्रामसेवक वाघुळदे यांच्या सायकलवरून आली. वाघुळदे खानदेशातले. त्यांच्या मुलखात काळी माती आणि केळीच्या बागा. इथे भात, वाल आणि दगड. तरी माणूस उमेदीचा होता. त्यांनी घरोघर मुळा, पालक आणि कोथिंबिरीच्या बियांच्या पुड्या वाटल्या आणि जाहीर केलं, की माघात मोठे साहेब येऊन वाड्या पाहतील आणि सगळ्यांत चांगल्या वाडीला पत्र्याची झारी बक्षीस देतील. बी दसऱ्याच्या सुमाराला यायचं ते दिवाळी सरल्यावर आलं. पण सरकारी वस्तू आली याचंच लोकांना इतकं नवल वाटलं, की उशिराबद्दल कुणी बोललं नाही.

झारी यमाजीने मनातल्या मनात त्याच दिवशी घरी आणून खुंटीला लावली. कारण भाताच्या रोपात त्याचा हात धरणारा आजूबाजूला कुणी नव्हता. रोपाच्या जागेवरचा राब भाजावा तर त्याने: शेण, पाला, डहाळ्यांची कवळं एकावर एक अशी रचायची, की आग जमिनीला चाटून जाई, जाळीत नसे. मग दाट पेरायचं, रोप वीतभर झालं की उपटायचं, मुठी बांधायच्या, आणि चिखलात आवणी, म्हणजे लावणी, करायची. जगात जे काही हिरवं आहे ते आधी एका जागी दाटीवाटीने वाढवायचं आणि मग उपटून दुसरीकडे लावायचं, अशी त्याची साधी समजूत होती. मुलींचंही आपण तसंच करतो, असं तो वर म्हणायचा.

तेव्हा त्याने मुळ्याचा राब भाजला.

बायको हौसा बघत राहिली. "मुळा आवतात का कुठं?"

"तू गप. भात आवतात, नाचनी आवतात. मुळा काय सोन्याचा लागून गेला?"

वाडीच्या जागेत अजून खळं होतं, झोडणी चालली होती. म्हणून मुळा राबातच थांबला. एकमेकांच्या अंगावर रेलून, पिवळा पडत, लोकलची वाट पाहणाऱ्या माणसांसारखा थांबला. झोडणी संपली, पेंढ्याची उडवी रचून झाली, तेव्हा यमाजीने तो उपटला, त्याच्या मुठी बांधल्या आणि ओळीत लावला. कोथिंबीरही तशीच. मार्गशीर्षात वाघुळदे सायकलवरून आले, कुंपणाशी थांबले, काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ओळी फार सरळ होत्या. सरकारला सरळ ओळी आवडतात.

वाडीत दुसऱ्या कुणाचा पाय पडायचा नाही, असा यमाजीचा हुकूम होता. फाटकाला तो सुंभाने अशी गाठ मारायचा, की ती त्याच्याखेरीज कुणाला सुटत नसे. दोन वेळा त्यालाही सुटली नव्हती. पाणी तोच घालायचा. आणि पौषात म्हसा भरला.

म्हशाची जत्रा म्हणजे बैलांचा बाजार. यमाजीला बैल घ्यायचा नव्हता. पण दुसऱ्याने घेतलेल्या बैलाचे दात पाहून खोट काढायला त्याला आवडायचं, आणि हे काम एका दिवसात उरकण्यासारखं नव्हतं. तो निघाला तेव्हा सून गुणा उंबऱ्यात होती. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली. बोलायची कमी, पण नेमकं बोलायची. त्यामुळे ती फार बोलते असं सासऱ्याचं मत होतं.

"मामंजी, तुमी जत्रंला. मंग वाडीला पानी कोन घालनार?"

"दव पडतंय की."

"दवानं मुळा भागंल?"

"तुज्या बापानं कवा मुळा लावला होता गो?"

म्हादूने, म्हणजे तिच्या बापाने, दरवर्षी लावला होता. ती उंबऱ्यातून बाजूला झाली. यमाजी गेला, जत्रा संपून तंबू उखडेपर्यंत राहिला, आणि परत आला तेव्हा मुळ्याची पानं मान टाकून पडली होती. त्याने घागरीवर घागरी ओतल्या. मुळा पुन्हा उभा राहिला. यमाजीला वाटलं, वाचला. मुळ्याला मात्र वेगळं वाटलं असावं, कारण आठ-दहा दिवसांत त्याने दांडा काढला.

मग साहेब आले. जीपमधून आले. शाळेतून दोन खुर्च्या आणून यमाजीच्या अंगणात मांडल्या. एक साहेबांना आणि एक त्यांच्या टोपीला. गाव भोवती जमलं. साहेबांनी वाडीकडे बराच वेळ पाहिलं. ते शहरातले असावेत, पण अडाणी नव्हते.

"हे कुठलं पीक?"

"मुळा हाय साहेब," कान्हा मागून म्हणाला. "या बारीला वरच्या अंगानं आलाय."

लोक हसले. जीपचा ड्रायव्हर हसला. साहेबांनीही ओठ आत घेतले. यमाजीने वाघुळद्यांकडे पाहिलं. वाघुळदे आपल्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत होते.

"असं का झालं?" साहेबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. 'ऊन लागलं' म्हटलं असतं तरी ते उठले असते.

पण यमाजीच्या कानात हसणं होतं. हे कुणाच्या तरी अंगावर ढकलायला हवं होतं, आणि जवळपास साहेब, ग्रामसेवक, कान्हा आणि देव सोडता एकच माणूस होतं.

"सून बाहेरची असताना वाडीत शिरली, साहेब. सावली पडली तिची."

गावात कुठल्या घरची बाई कधी पडवीत बसते हे सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं तरी कुणी तोंडाने बोलत नाही. एवढी अब्रू सगळ्यांनी मिळून सांभाळलेली असते. यमाजीने ती खुर्चीपुढे मांडली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दाराच्या आड गुणा चहाचं तबक घेऊन उभी होती. कपबशा एकदा वाजल्या, मग वाजल्या नाहीत. चहा हौसाने बाहेर आणला.

झारी दुसऱ्या गावाला गेली.

सकाळी गुणाने दळण संपवलं, हंडे भरले, बोचकं बांधलं आणि ती सासूच्या पाया पडली.

"आत्याबाई, चालले. तुमच्या वाडीला माजी सावली नको."

तिचा नवरा बारकू ओट्यावर उभा होता. बारकू बापाला भ्यायचा आणि बायकोलाही. दोन्ही भीत्या एकदम आल्या की तो बैलांना पाणी दाखवायला जायचा. तो गेला. बैल आधीच पाणी पिऊन आले होते.

यमाजी घरात पाठ करून विळ्याला धार लावत बसला होता. विळ्याला धार होती. ती गेल्याचं त्याला दारावरून कळलं. इतक्या हळू कुणी आजवर ते ओढून घेतलं नव्हतं.

येईल चार दिवसांत, असं तो म्हणाला. त्या दिवसापासून हौसा नवऱ्याशी भाताच्या आणि डाळीच्या पलीकडे बोलेनाशी झाली.

आणखी एक झालं, ते यमाजीच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचं म्हणणं गावाला पटलं. वाघुळद्यांचं कुठलंच शास्त्र गावाने आजवर इतक्या चटकन उचललं नव्हतं. कान्हाची कोथिंबीर तुऱ्यावर आली होती, त्याने सून भिमीला सगळ्यांदेखत विचारलं, "तू गेलतीस काय गो त्या अंगाला?" आणखी एका घरात पालक वाढला नाही म्हणून पोरीचा हात पिरगाळला गेला. कुणाचं दूध नासलं, कुणाची कोंबडी रुसली, त्यालाही बाई सापडली. यमाजी विहिरीवरून जाऊ लागला की बायका रहाट थांबवून तो पुढे जाईपर्यंत उभ्या राहत. शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती. थांबलेल्या रहाटाला काय परत देणार?

एका दुपारी तो हात धुवायला घरामागे न्हाणीच्या दगडाशी गेला. एरवी तो तिकडे फिरकत नसे. न्हाणीला लागून पडवीचा मागचा कोपरा. बायका बाहेरच्या असल्या की तिथे बसायच्या. न्हाणीचं पाणी जिथून वाहून जायचं तिथे त्याला हिरवं दिसलं. तो वाकला. मुळा होता. पानं रुंद, खरबरीत, जमिनीलगत पसरलेली. दांडा नाही, फूल नाही. त्याने एक उपटला. पांढरा, मनगटाएवढा जाड, आणि ओढताना जमिनीने असा आवाज केला जसा नाराजीने सोडलेल्या वस्तूचा होतो.

"हौसे, हा कुनी लावला?"

हौसा पडवीत सूप घेऊन बसली होती. "तुमच्या बियातलं सुपाला चिकटून राहिलेलं फेकलं तिनं तितं. मंग विरळ केलं. पेंढा पसरला बुडाशी."

"पानी?"

"न्हानीचं जातंय की रोज."

यमाजी मुळा हातात धरून उभा राहिला. "आनि... त्या दिवसांत?"

हौसाने सूप खाली ठेवलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "त्या दिवसांत चार दिस बसून काय करनार ती? तन काढीत बसायची. पोरावानी हात फिरवायची त्याच्यावरून. तुमच्या वाडीत ती कवा गेली? गाठ तर तुमाला सुटत नाय."

यमाजी न्हाणीच्या दगडावर बसला. जिथे तिची सावली रोज पडली तिथला मुळा मनगटाएवढा होता, आणि जिथे फक्त त्याची पडली तिथला उंदराच्या शेपटीएवढा. हे एवढं सरळ होतं की कान्हालाही कळलं असतं. बराच वेळ तो उठला नाही. त्याला उठून कुठे जावं हेच कळत नव्हतं; घरात हौसा होती, बाहेर विहीर होती.

संध्याकाळी त्याने वाघुळद्यांना गाठलं. वाघुळदे शाळेच्या ओट्यावर सायकलला तेल घालत होते.

"सायेब, मुळा अवेळी का फुलतो?"

वाघुळद्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. या प्रश्नाचीच भीती होती, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "असं आहे यमाजीराव, झाडाला वाटलं की आता आपलं काही खरं नाही, की ते घाईने बी करायला बसतं. उशिरा पेरलं, ऊन चढलं. दाटीत ठेवलं. पाणी तुटलं. मुळ्याचं तर सगळं सोटमुळात. उपटून लावला की ते मोडतं, मग तो पोसत नाही, फुलतो."

"म्हंजी मी जे केलं ते समदं."

"जवळजवळ."

"तुमी बगितलं होतं आवलेलं."

"बघितलं होतं."

"मंग बोलला का नाय? आनि सायबाफुडं, मी तसं बोललो तवा?"

वाघुळदे चाकाची आरी पुसत राहिले. "बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, बी कधी दिलं. ते माझ्यावर आलं असतं." मग हळू म्हणाले, "मला बहीण आहे हो तिच्याएवढी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण तोंडही उघडलं नाही."

दोघं काही वेळ सायकलकडे पाहत बसले. दोन शरमिंद्या माणसांना पाहायला सायकल बरी असते. तिला बरेच भाग असतात.

दुसऱ्या दिवशी यमाजीने न्हाणीकडचे चार जाड मुळे उपटले, धुतले, पंच्यात बांधले आणि शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. मुरबाडहून पुढे मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं पायी असा तो वैशाखऱ्याला पोचला, तेव्हा उन्हं घाटाच्या अंगाला कलली होती. वाटेत त्याने काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. सिद्धगडाचा डोंगर दिसत होता तोवर ते नीट पाठ होतं. डोंगर मागे पडला तसं ते एकेक गळत गेलं, आणि म्हादूच्या ओट्याशी तो आला तेव्हा त्याच्यापाशी फक्त मुळे उरले होते.

म्हादूने पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, गुळाचा खडा पुढे केला. "बरं झालं आलात पावनं." आवाज गोड होता. भांडणाचा आवाज यमाजीला परवडला असता.

तो बोलायला लागला. म्हशाच्या बैलांवर बोलला. गवत यंदा आखूड झालं त्यावर बोलला. मग मुळ्यावर आला आणि तिथे त्याची जीभ सुटली. ऊन कसं चढलं, बी कसं उशिरा आलं, दाटीत रोप कसं खुरटतं, सोटमूळ मोडलं की काय होतं, पाण्याला खंड पडला की झाड कसं घाबरतं. वाघुळद्यांनी इतकं छान सांगितलं नव्हतं. म्हादू ऐकत होता. त्याची बायको ठकू चुलीशी ऐकत होती. म्हादूने बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "आमी मुळा आवत नाय."

मग आतून आवाज आला.

"मंग त्यात माजी सावली कितवी?"

गुणा दारात आली नव्हती. यमाजी दाराच्या चौकटीशी बोलला. "तशी... हवाच वाईट होती."

"हवेनं सांगितलं सायबाला?"

ठकूने तोंडाला पदर लावला. हसली की काय ते कळलं नाही.

"पोरी," यमाजी म्हणाला आणि थांबला. पंच्याची गाठ सोडायला लागला. ती सुटेना. स्वतःच मारली होती. अखेर म्हादूने सोडून दिली आणि चार मुळे ओट्यावर पांढरे पसरले. "हे तुज्या न्हानीकडचे. तुज्या हातचे."

गुणा दारात आली. तिने मुळ्यांकडे पाहिलं, सासऱ्याकडे नाही. "मलाबी उपटूनच लावलं तुमी. इकडनं तिकडं. मी फुलले नाय, मी रुजले. मंग सगळ्यांफुडं माजं पानी तोडलंत."

यमाजीची मान खाली गेली. "चुकलं," तो मुळ्यांना म्हणाला.

"इथं नको. इथं माजा बाप हाय, आय हाय. ह्यांना ठाव हाय चुकलं ते. जितं बोललात तितं बोला."

"साहेब आता परत कुठं येतो?"

"सायेब नसला तरी चालंल. खुर्च्या मांडा. त्याच खुर्च्या. मी ऐकायला येईन. फुडचं फुडं बगू."

परतताना यमाजीने जन्मात पहिल्यांदा गाडीत खिडकीकडची जागा दुसऱ्याला दिली. खिडकीतून कुणी ओळखीचं दिसायला नको होतं.

वाघुळद्यांना त्याने सांगितलं तेव्हा ते कचरले, मग म्हणाले, "मी बैठक लावतो. विषय काय लिहू?"

"काय ते लिवा तुमी."

त्यांनी शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'भाजीपाला अवेळी फुलोऱ्यावर येण्याची कारणे व उपाय.' एरवी अशा बैठकीला तीन म्हातारे आणि एक कुत्रा यायचा. या वेळी यमाजी बोलणार अशी बातमी फुटली होती, म्हणून गाव लोटलं. पुरुष पुढे, बायका मागे चिंचेखाली. यमाजीच्या अंगणात शाळेच्या दोन्ही खुर्च्या मांडल्या. त्यांवर कुणी बसलं नाही. चिंचेच्याही पलीकडे म्हादू आणि गुणा उभे होते. बारकूने त्यांना पाहिलं आणि बैलांकडे निघाला. पण हौसाने त्याचा सदरा मागून धरला, तो बैठक संपेपर्यंत धरलेलाच होता.

यमाजी मोकळ्या खुर्च्यांपुढे उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मुळा," तो म्हणाला, "आवायचा नाय. जितं वाढवायचा तितंच पेरायचा. दसऱ्याच्या सुमाराला. समदं बी एकदम नाय टाकायचं, थोडं थोडं टाकायचं, म्हंजी खानं चालू राहतं. उगवला की विरळ करायचा. बुडाशी पेंढा पसरायचा, माती तापत नाय. पानी थोडं घाला पन खंड पाडू नका. कोवळा हाय तवाच काढायचा, मोठा होईल म्हनून बगत बसायचं नाय. पालकाला दुपारची सावली मिळू द्या. कोथिंबिरीचं बी जागेवरच. येवढं केलं की लवकर फुलत नाय."

"तू काय केलंस मंग?" कान्हा म्हणाला.

"मी यातलं कायच केलं नाय. मी राब भाजला. दाटीत ठेवला. उपटला. आनि म्हशाला जाऊन दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजीत बसलो. इतं वाडी वाळत होती. गाठ माजी होती, दुसऱ्या कुनाला सुटली नसती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर यमाजी तिथेच थांबला असता, आणि ते बरं वाटलं असतं. तो खुर्चीकडे पाहून बोलत राहिला.

"त्या दिशी इतं मी सुनंचं नाव घेतलं. ते खोटं. ती वाडीत गेली नव्हती. न्हानीकडं तिनं मुळा लावला, समद्या दिवसांत हात लावला, आनि तो चांगला आला. तिकडं जाऊन बगा कुनीबी. मला लाज वाटली तुमी हसलात म्हनून, ती मी तिच्यावर टाकली. ती तिची नाय. माजी हाय."

पुरुष एकमेकांकडे न पाहता जमीन उकरत होते. गेल्या महिन्यात प्रत्येकाच्या घरात थोडंथोडं पीक याच खोट्याच्या बियाचं आलं होतं. मग चिंचेखालून भिमीचा आवाज आला.

"मंग आमच्या कोथिंबिरीचं काय, यमाजीमामा?"

यमाजीने कान्हाकडे पाहिलं नाही. "तीबी पान्याविना."

कान्हा उठला, धोतर झटकलं, आणि काहीतरी काम आठवल्यासारखा गेला. वाघुळदे उभे राहिले. त्यांना आभार मानायचे होते. पण ते म्हणाले, "बी उशिरा मी दिलं होतं," आणि बसले. चुकून खुर्चीवरच बसले, आणि पुन्हा उठले.

गुणा चिंचेखालून निघाली. लोक बाजूला झाले. ती यमाजीपाशी थांबली नाही. सरळ वाडीच्या फाटकाशी गेली आणि गाठीकडे बोट करून उभी राहिली. यमाजी धावत गेला. गाठ सुटेना. त्याने दातांनी ओढली. शेवटी बारकूने कोयता आणून सुंभच तोडला; त्या घरात बारकूने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट असावी.

फुलं गळून दांड्यांना आता शेंगा धरल्या होत्या, हिरव्या, टोकदार डिंगऱ्या. गुणाने पदर खोचला आणि गावादेखत एकेक दांडा वाकवून कोवळ्या डिंगऱ्या ओटीत तोडल्या. दोन दांडे बियाला ठेवले. चुलीशी जाऊन तिने त्या चिरल्या, लसणावर परतल्या आणि यमाजीच्या ताटात वाढल्या. भाजी झणझणीत तिखट होती. मिरची जास्त की डिंगरीचा स्वतःचा तिखटपणा, ते त्याने विचारलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. डिंगरीच्या नावावर ते खपून जात होतं. त्याने पुन्हा भाजी मागितली.

ती राहिली. सगळं ठीक झालं असं मात्र कुणी म्हणू नये. सासऱ्याशी ती पूर्वीपेक्षाही कमी बोलायची, आणि तिचं कमी बोलणं फार वाटतं असं आता यमाजी म्हणत नसे.

शिमगा झाल्यावर एका सकाळी तो वाडीत घागरीने पाणी घालत होता. फाटकाला गाठ नव्हती. गुणा पडवीच्या कोपऱ्यात बसली होती; तिचे ते दिवस होते, आणि सभा झाली म्हणून पडवी काही मोडली नव्हती.

"मामंजी, कडंचा वाफा सुका राहिला."

यमाजीने पाहिलं. खरंच राहिला होता. त्याच्या कंबरेत कळ होती. दारात हौसा होती. कुंपणापलीकडे कान्हा काटक्या रचत होता, म्हणजे ऐकत होता. यमाजीने भरलेली घागर वाडीच्या मधोमध खाली ठेवली.

"ये. तूच घाल," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता तेवढा मोठा आला नाही, पण आला.

आणि मग तिच्याकडे पाठ करून तो कान्हाचं कुंपण पाहत उभा राहिला. त्यातली एकेक काटकी त्याने मोठ्या लक्षाने पाहिली. कान मात्र मागे होते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पडवीच्या पायरीवर पाय वाजला, घागर कलंडल्याचा आवाज झाला, आणि सुकी माती पाणी पिताना करते तसा बारीक चुर्र आवाज कडेच्या वाफ्यातून येऊ लागला.

"काय बगतोस रे माज्या कुंपनाला?" कान्हा म्हणाला.

"काय नाय," यमाजी म्हणाला. "चांगलं हाय."